चौथी-पाचवीचा जोडवर्ग: नाताळाआधीचे तीन आठवडे सजावटीत जातात, त्यात शिकवायचं काय आणि कसं?

जोडवर्ग_खानापूर

सर्वांना नमस्कार. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातली कनिष्ठ प्राथमिक मराठी शाळा, शिक्षक दोघे. पहिली ते तिसरीचा नलिकलीचा (कर्नाटकातल्या खेळत-शिकत पद्धतीचा) वर्ग दुसऱ्या बाईंकडे आहे. माझ्याकडे चौथीची ११ आणि पाचवीची ८ मुलं एकाच खोलीत बसतात. एफए-३ ची (तिसऱ्या आकारिक मूल्यमापनाची) कामं याच दिवसांत करून घ्यायची असतात.

अडचण अशी की डिसेंबरात सलग वर्ग मिळत नाही. भाताची मळणी चाललेली असते, भात निघाला की लगेच मसूर टाकायची घाई. मार्गशीर्ष पौर्णिमेला निम्मी घरं सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जातात, म्हणजे अलीकडचे-पलीकडचे धरून तीन-चार दिवस बाकं रिकामी. उरलेल्या वेळात दुपारनंतर गॅदरिंगचे नाच. शनिवारी सकाळची शाळा.

वर्गात तीन घरं कोकणी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांची आहेत, त्यामुळे नाताळ हा विषय मुलांना परका नाही. पण नाताळ म्हणून आपण करतो काय, तर चांदणी कापायची, झाडाला कापूस चिकटवायचा, फळ्यावर रंगीत खडूने शुभेच्छा लिहायच्या. चार दिवस जातात आणि वहीत काहीच उमटत नाही.

लांबीचं मापन, परिमिती, दिनदर्शिका आणि पत्रलेखन एवढं मला या तीन आठवड्यांत बसवायचं आहे. सामान म्हणाल तर कळक (बांबू) गावात मिळतो, ३० सेंटिमीटरच्या पट्ट्या सहा आहेत, रद्दी भरपूर. कोणी नेमकं सांगेल का?

---

कामटी_आणि_पट्टी

बाई, कापूस आधी बाजूला ठेवा. खानापुरात धुकं पडतं, बर्फ नाही. चांदणी मात्र सोडू नका. कागदाची कापून भिंतीला लावायची नव्हे, कळकाच्या कामट्यांचा मोठा कंदील करायचा. तुम्ही म्हणता ते लांबीचं मापन आणि परिमिती दोन्ही त्याच्या पोटात आहे. शिवाय माप चुकलं तर सांगाडा स्वतःच वाकडा होऊन सांगतो, तुम्हाला लाल पेन उचलावं लागत नाही.

सामान: ६० सेंटिमीटरच्या १० कामट्या, १२ सेंटिमीटरचे ५ टेकू, सुतळी किंवा जाड दोरा, पतंगी कागद, मैद्याची खळ. कामटी बोटभर रुंद आणि २-३ मिलिमीटर जाड असावी. बुरुडाकडून चिरून आणा, मुलांच्या हातात कोयता नको. आणल्यावर कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर कुसळं बोटात जातात. बांधायच्या आधी दोन-तीन तास पाण्यात भिजत ठेवल्या की वाकताना मोडत नाहीत.

पहिला तास फक्त खुणांचा. प्रत्येक कामटीवर एका टोकापासून २३ आणि ३७ सेंटिमीटरवर खूण. म्हणजे तुकडे पडतात २३, १४, २३. बेरीज ६०. पाच कामट्यांची चांदणी बांधली की प्रत्येक कामटी दुसऱ्या दोन कामट्यांना बरोबर याच दोन ठिकाणी ओलांडते. दुसऱ्या लांबीची कामटी मिळाली तर हेच प्रमाण ठेवा: टोकाचा भाग लांबीच्या सुमारे ३८ टक्के, मधला सुमारे २४ टक्के.

इथे मुलं दोन ठिकाणी हमखास चुकतात. पट्टी ३० ची आणि कामटी ६० ची, त्यामुळे पट्टी दोनदा ठेवावी लागते. दुसऱ्यांदा ठेवताना शून्याच्या रेघेऐवजी पट्टीची कड जुळवतात. लाकडी पट्टीला शून्याच्या अलीकडे चार-पाच मिलिमीटर कोरी जागा असते, तेवढी लांबी वाढते. दुसरी चूक १ पासून मोजण्याची, म्हणजे २३ ऐवजी २२ वर खूण पडते. ती आधी सुधारू नका. सगळ्यांच्या कामट्या एकमेकींशेजारी जमिनीवर टेकवून ठेवा, चुकलेली खूण रांगेतून बाहेर दिसते. कशी चुकली ते मुलांनाच शोधू द्या.

दुसऱ्या दिवशी बांधणी, सलग दोन तास धरा. पाच कामट्या एका चांदणीला, पाच दुसरीला. गुंफण खालून-वरून करायची: प्रत्येक कामटी एका ओलांडणीवर वर, दुसरीवर खाली. आधी पाच टोकं सैल बांधा, मग आतल्या पाच ओलांडण्यांवर खुणेला खूण जुळवा, मगच गाठी आवळा. उलट क्रमाने केलंत तर शेवटचं टोक जुळत नाही आणि मुलं ते ओढून बांधतात. असा सांगाडा दोन दिवसांत पिळतो.

दोन्ही चांदण्या एकमेकींवर ठेवून फक्त टोकांना बांधा. मग आतल्या पाच ओलांडण्यांमध्ये १२ सेंटिमीटरचे टेकू उभे घाला. मध्ये पोट सुटतं आणि कंदील तयार. कामटीचं पेर ओलांडणीच्या जागी येऊ देऊ नका. वाक तिथेच जास्त पडतो आणि पेराजवळ कामटी तडकते.

तिसरा दिवस कागदाचा, आणि पाचवीचं खरं गणित इथे. मोजून घ्यायचे तुकडे असे:

पुढची-मागची बाजू मिळून १० त्रिकोण, बाजू २३, २३, १४.
कडेचे १० त्रिकोण, बाजू २३, २३, १२.
मधले २ पंचकोन, बाजू १४.

एकूण २२ तुकडे. आधी मुलांना सांगाड्यावर बोट ठेवून मोजू द्या, बहुतेक जण कडेचे त्रिकोण विसरून १२ म्हणतील. त्रिकोण काढायला कंपास लागत नाही. १४ चा पाया, त्याच्या मध्यावर ७ ला खूण, तिथून काटकोनात २२ वर शिरोबिंदू. १२ च्या पायाला मध्य ६ वर, उंची तीच २२. काटकोनासाठी वहीचा कोपरा चालतो. पंचकोन मोजून काढायच्या नादी लागू नका. टेकू घालायच्या आधी चांदणी रद्दी कागदावर ठेवून आतून पेन्सिल फिरवा. सगळ्या तुकड्यांना चिकटवायला १ सेंटिमीटर कड जास्त ठेवायची, आणि परिमिती मोजताना ती धरायची नाही. हे दोनदा सांगावं लागतं.

आता प्रश्न विचारा. मोठ्या त्रिकोणाची परिमिती किती? २३ + २३ + १४ = ६०. म्हणजे एका कामटीएवढीच! असं का, हे पाचवीतली दोन-तीन मुलं कामटीकडे बघून सांगतात: तेच तीन तुकडे आहेत, फक्त दुमडून त्रिकोण केला. सपाट चांदणीची बाहेरची परिमिती १० × २३ = २३० सेंटिमीटर, म्हणजे २ मीटर ३० सेंटिमीटर. एकूण कळक किती लागला? १० × ६० + ५ × १२ = ६६० सेंटिमीटर. चौथीला हीच मीटर-सेंटिमीटरची उदाहरणं.

कोनमापक न वापरता कोनही दाखवता येतो. मोठ्या त्रिकोणांपैकी पाच घ्या आणि त्यांची टोकं एका बिंदूवर शेजारी-शेजारी मांडा. जवळजवळ सरळ रेषा होते, कारण चांदणीचं टोक ३६ अंशांचं आणि ५ × ३६ = १८०. थोडी फट राहते. ती आपण १४.२ च्या जागी १४ घेतल्यामुळे, हे पाचवीला सांगून टाका. लपवू नका, नाहीतर मुलं आपलं कापणं चुकलं समजतात.

खळ: १ वाटी मैद्याला ४ वाट्या पाणी. मैदा आधी थंड पाण्यात कालवून मग शिजवायचा. मोरचूद घालायची जुनी पद्धत आहे, शाळेत अजिबात नको, तो विषारी असतो. पतंगी कागदाचा रंग ओल्या हाताला सुटतो, म्हणून खळ कामटीला लावा, कागदाला नाही. आणि चिकटवायचं काम अकरानंतर. सकाळच्या दमट हवेत खळ वाळत नाही, कागद सुरकुततो.

आत एलईडी दिवा. मेणबत्ती किंवा पणती नाही, कितीही कोणी म्हटलं तरी.

---

नलिकली_अक्का

वरचं सगळं झकास, पण रोजची हजेरी बघता प्रत्येक दिवसाचं काम त्या दिवशी संपलं पाहिजे बगा. खुणांच्या दिवशी आलेलं मूल बांधणीला येईलच असं नाही. म्हणून प्रत्येक दिवसाची एक ओळ वहीत लिहून घ्यायची: आज काय मोजलं, किती आलं, कुठे चुकलं. तीच एफए-३ ची नोंद होते, वेगळा प्रकल्प-कागद करत बसायला नको.

शेजारच्या पहिली-तिसरीला कंदिलात बसवू नका, ती मुलं कागद फाडतात. त्यांना काड्यापेटीचा तक्ता द्या. १ ते २४ डिसेंबरात रविवार वगळले की शाळेचे २० किंवा २१ दिवस मिळतात. तेवढ्या रिकाम्या काड्यापेट्या पुठ्ठ्यावर चिकटवा, रोज एक उघडायची. आत चिंचोके आणि एक चिठ्ठी. पहिलीला "दहाचा गठ्ठा कर, किती उरले?", दुसरीला "२५ व्हायला किती कमी?", तिसरीला "नाताळाला किती आठवडे आणि किती दिवस?"

चॉकलेट आत ठेवू नका. मुंग्या येतात, आणि ज्या दिवशी मूल गैरहजर त्या दिवसाचं चॉकलेट कोणाचं यावर भांडण.

---

सावलीमास्तर

दिनदर्शिकेचं विचारलंय, त्यासाठी मैदानात चला.

२१-२२ डिसेंबर हा वर्षातला सगळ्यात लहान दिवस. बेळगावच्या आसपास दिवस साधारण ११ तास १० मिनिटांचा उरतो. पुस्तकात एका वाक्यात येतं ते, पण सावलीवर मोजता येतं. १ डिसेंबरला सुरुवात केली तरच, उशीर केला तर काही दिसणार नाही. का ते पुढे सांगतो.

सपाट जागी काठी अशी रोवा की जमिनीच्या वर बरोबर १ मीटर राहील. ओळंबा लावून उभी करा, सुतळीला दगड बांधला की झाला ओळंबा. वरचं टोक ३ सेंटिमीटर कललं तर सावलीचं टोकही तेवढंच सरकतं, आणि तीन आठवड्यांतला सगळा फरकच ५ सेंटिमीटरचा आहे.

घड्याळात बारा वाजता मोजू नका. आपली घड्याळं ज्या रेखांशाची वेळ दाखवतात त्याच्या आपण आठ अंश पश्चिमेला, म्हणजे सूर्य आपल्या डोक्यावरच्या रेषेत अर्ध्या तासाने उशिरा येतो. १ डिसेंबरला तो क्षण १२:२० च्या सुमाराला, २२ ला १२:३० च्या सुमाराला. १२:१० ते १२:४० दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवा. सगळ्यात आखूड सावली ती मध्यान्हीची, आणि ती सरळ उत्तरेकडे पडते. दिशा शिकवायला होकायंत्र नको. बिसीऊटच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, आधीच सगळं आटोपतं.

१ मीटर काठीची मध्यान्ह सावली अशी यायला हवी:
१ डिसेंबर: ७७ सेंटिमीटर
८ डिसेंबर: ८०
१५ डिसेंबर: ८१
२२ डिसेंबर: ८२

तुमचं गाव तालुक्याच्या कुठल्याही टोकाला असो, फरक एखाद्या सेंटिमीटरचा. पहिल्या आठवड्यात ३ ने वाढ, शेवटच्यात १ ने. वाढ मंदावते हेच मुलांनी पाहायचं. पण सावलीची कड धूसर असते, दीडेक सेंटिमीटर तरी. त्यामुळे शेवटच्या दहा दिवसांतला फरक त्या धूसरपणात बुडून जातो आणि मुलं "सावली थांबली" म्हणतात. उपाय सोपा आहे: काठीच्या टोकाला पोस्टकार्डाचा तुकडा आडवा लावा, त्यात पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा, भोकाची उंची १ मीटर ठेवा. सावलीत गोल कवडसा पडतो, त्याचा मध्य धरायचा.

पाचवीला पुढचं पाऊल: ८ तारखेला १०० ची सावली ८०. त्याच वेळी ध्वजस्तंभाची सावली ४ मीटर भरली, तर स्तंभ किती उंच? ५ मीटर. दोन्ही सावल्या एकाच वेळी मोजायला हव्यात. अर्ध्या तासाच्या अंतराने मोजल्या तर उत्तर बिघडतं, ते एकदा मुद्दाम बिघडवून दाखवा.

आणखी एक गंमत. मुलं सांगतात, दिवस लहान होतो म्हणजे सूर्य रोज लवकर मावळतो. तसं नाही. डिसेंबरात आपल्याकडे सूर्यास्त पुढे-पुढेच जातो, महिन्याच्या सुरुवातीला सहाच्या किंचित आधी, २२ ला सहा वाजून गेल्यावर. सूर्योदय त्याहून जास्त पुढे सरकतो म्हणून दिवस आखडतो. घरच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून दोन्ही वेळा उतरवून वजाबाकी करायला द्या. त्या वेळा कुठल्या शहराच्या छापल्यात ते मात्र आधी पाहा.

खडे काढून टाकू नका. जानेवारीत ११ तारखेच्या सुमाराला सावली परत ७७ वर येते, तेव्हा वेळ १२:४० च्या आसपास असेल.

---

दोन_पाट्या

भाषेचं कोणी बोललं नाही म्हणून.

सीमाभागातल्या वर्गात नाताळ म्हणजे शब्दांचा खजिना. फळ्यावर तीन रकाने आखा: मराठी, कन्नड, कोकणी. कोकणीचा रकाना त्या तीन घरांतल्या मुलांकडून, पण गटात विचारून. "तू ख्रिश्चन ना, तू उभा राहून सांग" असं कधीही करू नये. मूल लाजतं, आणि वर्गाच्या डोक्यात ते वेगळं पडतं.

करंजी: कन्नडमध्ये कर्जीकायी, कोकणीत नेवरी. पदार्थ एकच, दिवाळीलाही आणि नाताळालाही.
गव्हाण: कन्नडमध्ये गोदली. शेतकऱ्यांच्या मुलांना गव्हाण दाखवायला गोठ्यापर्यंत जावं लागत नाही, पण शहरातल्या शाळेत हा शब्द थांबून समजवा.
चांदणी: कन्नडमध्ये नक्षत्र, कोकणीत नखेत्र.

शेवटच्या ओळीवर थांबा. मराठीत नक्षत्र म्हणजे अश्विनी, भरणी वगैरे सत्तावीस. कन्नडमध्ये कुठलाही तारा नक्षत्रच. म्हणून मुलं कन्नडच्या तासाला "नक्षत्र" वाचून मृग-रोहिणी समजतात, आणि मराठीत "आकाशात लाखो नक्षत्रं" लिहून येतात. एकसारखा दिसणारा शब्द दोन भाषांत वेगळं ओझं वाहतो, हे शिकवायला याहून सोपं उदाहरण मिळणार नाही.

दुसरा तास "नाताळ" या शब्दाचा. तो पोर्तुगीजांकडून आला. त्याच वाटेने आलेले पाव, पाद्री, काजू, अननस, बटाटा, चावी, पगार, घमेलं, परात, बादली. ही यादी फळ्यावर लिहू नका. दहा वस्तू टेबलावर मांडा किंवा चित्रं लावा आणि विचारा, यातल्या किती शब्दांचं गाव गोव्यापलीकडे, समुद्रापार आहे? मुलं एक-दोन सांगतात. मग सगळे म्हटल्यावर वर्ग जागा होतो. कन्नडमध्येही यातले कुठले जसेच्या तसे आहेत ते घरी विचारून यायला सांगा, गृहपाठ तोच.

पत्रलेखन: भेटकार्ड नको, पोस्टकार्ड घ्या. ५० पैशांना मिळतं, जागा मर्यादित, त्यामुळे पाच-सहा वाक्यांत संपवावं लागतं. चंदगडकडच्या किंवा निपाणीकडच्या शाळेशी आधी ठरवून घ्या आणि १० तारखेपर्यंत पेटीत टाका, म्हणजे उत्तर यायला वेळ राहतो. मजकूर शुभेच्छांचा नको. सावलीमास्तरांची आकडेवारी त्यात घाला: "आमच्या शाळेत ८ डिसेंबरला १ मीटर काठीची सावली ८० सेंटिमीटर होती. तुमची किती?" मग पत्राला उत्तर द्यायला पलीकडच्या मुलांना कारण मिळतं.

पत्ता लिहिणं हा वेगळा तास. डावा अर्धा मजकुराला, उजवा पत्त्याला, हे आधी पेन्सिलीने रेघ मारून. पिनकोडचे सहा चौकोन रिकामे सोडतात किंवा गावाच्या नावापुढे आकडे दाटीने लिहितात. निपाणीचा पिन ५९१ ने सुरू होतो, चंदगडचा ४१६ ने. सीमेपलीकडच्या गावाचा पहिला अंक का बदलतो, यावरून नकाशा उघडता येतो.

---

रविवार_मोजणारा

दिनदर्शिकेवर आणखी एक छोटं. चर्चमध्ये नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे धरतात, दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. बहुतेक ठिकाणी तीन जांभळ्या, तिसऱ्या रविवारची गुलाबी. मुलांना विचारा: यंदा पहिला रविवार कोणत्या तारखेला?

रीत: २५ डिसेंबरचा वार पाहा. त्याच्या आधीचा रविवार शोधा. २५ लाच रविवार असेल तर तो धरायचा नाही, १८ धरायचा. तिथून ७ तीनदा वजा करा. उत्तर नेहमी २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर याच्यामध्ये येतं. नाताळ गुरुवारी असेल तर २१, १४, ७ आणि मग ३० नोव्हेंबर. ७ मधून ७ गेले की मुलं "० डिसेंबर" लिहितात! तिथेच महिन्याची हद्द कशी ओलांडायची ते शिकवायचं.

आणि २२ डिसेंबर रामानुजन यांचा जन्मदिवस, १८८७ चा, राष्ट्रीय गणित दिवस. भाषणं नकोत. त्यांच्या जन्मतारखेच्या चौकटीची पहिली ओळ द्या: २२, १२, १८, ८७. बेरीज १३९. पुढच्या ओळी ८८, १७, ९, २५. १०, २४, ८९, १६. १९, ८६, २३, ११. आडव्या, उभ्या, तिरक्या सगळ्या बेरजा १३९ च. पाचवीला एकेक आकडा झाकून द्या. चौथीला डिसेंबरच्या पानावर कुठलाही तीन बाय तीनचा चौकोन आखायला लावा: नऊ तारखांची बेरीज मधल्या तारखेच्या नऊपट. चौकोनात रविवार आला तरी चालतं.

---

जोडवर्ग_खानापूर

सर्वांचे आभार. कामटीवाल्यांना दोन प्रश्न. सांगाड्याचा एक नमुना बांधून पाहिला, चांदणी पिळलेल्या खाटेसारखी झाली, एक टोक जमिनीला टेकत नाही. आणि १९ मुलांना एक कंदील कसा पुरणार?

सावलीचं १ तारखेपासून लावते. नाचाच्या सरावाचं काय करावं तेही कोणी सांगा.

---

कामटी_आणि_पट्टी

पीळ पडला म्हणजे आतल्या पाच ओलांडण्यांपैकी एखादी खुणेवर नाही. पट्टी घेऊन प्रत्येक टोकापासून ओलांडणीपर्यंत मोजा, दहा मापं होतात. एखादं २३ च्या जागी २१ किंवा २५ निघेल. त्याच ओलांडणीची गाठ सोडा, बाकीच्यांना हात लावू नका. सगळी २३ असूनही पीळ असेल तर एका कामटीची गुंफण चुकलीय, दोन्ही ठिकाणी वरच गेली असेल. ती मापन नसून बघायची गोष्ट, मुलं आपल्याआधी ओळखतात.

१९ मुलांसाठी दोन कंदील. चौथी-पाचवी मिसळून चार गट: पाचाचे तीन, चौघांचा एक. दोन गटांना मिळून एक कंदील, प्रत्येक गटाकडे पाच कामट्यांची एक चांदणी. आता गंमत येते, कारण दोन गटांच्या चांदण्या एकमेकींवर बसायला हव्यात. एका गटाने शून्य सोडून मोजलं तर टोकं जुळत नाहीत आणि दुसरा गट लगेच विचारतो, तुम्ही कुठून मोजलं? गटात एक मोजणार, एक धरणार, एक खूण करणार, एक वहीत लिहिणार, पाचवा दुसऱ्या गटाची मापं तपासणार. कामं रोज बदलायची. चौघांच्या गटात तपासणीचं काम लिहिणाऱ्याकडे.

कमी मुलं आली त्या दिवशी बांधणी घेऊ नका. कागद कापायचा दिवस पुढे ओढा, त्याला तीन मुलंही पुरतात.

---

नलिकली_अक्का

नाचाचं: सराव शेवटच्या तासालाच, आणि घड्याळ लावून. नाचात नसलेली मुलं बाहेर बसून बघत राहतात, तिथे वेळ जातो. त्यांच्याकडे कागदाचे तुकडे मोजायचं आणि पत्रांचे पत्ते तपासायचं काम द्या. गाण्याची ओळ आठ मात्रांची की सहाची हे टाळी वाजवून मोजायला लावलं तर नाचणाऱ्यांचाही पाढा होतो.

कंदील शाळेच्या दाराला लावणार असाल तर चमकी आणि थर्माकोल लावू नका, बिसीऊटच्या ताटात पडतं. आणि २५ ला सुट्टी आहे, म्हणून २४ ला संध्याकाळी तो खाली काढून कोणाच्या घरी द्यायचा ते आधीच चिठ्ठी टाकून ठरवा. पहाटेच्या दवात एक रात्र बाहेर राहिला तर पतंगी कागद सकाळी कामटीवरून लोंबतो.